पाठवणाऱ्याचं रोप

सत्यवेणीअक्का आमच्या नर्सरीत तेवीस वर्षं होती, आणि त्या तेवीस वर्षांत तिच्या प्रश्नाला उत्तर न देता एकही गिऱ्हाईक फाटकातून आत गेलं नाही. प्रश्न एकच. "कोणी पाठवलं?" काकिनाड्याचे एक तहसीलदार एकदा जीपमधून उतरले आणि म्हणाले, मला कोण पाठवणार, मी स्वतः आलोय. अक्का म्हणाली, "बरोबर आहे साहेब. पण ज्यानं पाठवलं त्याला संक्रांतीला आम्ही एक रोप देतो. त्या बिचाऱ्याचं रोप तुम्ही का बुडवता?" तहसीलदारांनी मुकाट्यानं मेहुण्याचं नाव सांगितलं.

हा रिवाज थोरल्या मालकांचा. आंध्रातल्या आमच्या कडियममध्ये नर्सऱ्यांची काही कमतरता नाही, कालव्याच्या या काठाला पाच आणि त्या काठाला सहा. तरी आमच्याकडे माणसं शोधत यायची, याचं कारण थोरले मालक त्या रोपाला द्यायचे. पाठवणाऱ्याचं नाव रजिस्टरात लिहायचं आणि भोगीच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी रोप पोचवायचं. पोस्टमन दालय्यालासुद्धा दरवर्षी रोप जायचं. त्याच्या अंगणात शेवटी पाय ठेवायला जागा उरली नव्हती, असं त्याची बायको आम्हाला भर बाजारात ऐकवायची.

फक्त दलालांना रोप नाही. हायवेवर उभे राहून गाड्या अडवणारे, गिऱ्हाइकाला हाताला धरून आणणारे आणि मग मागच्या दारानं कमिशन मागणारे, त्यांची नावं रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलेली असत. त्यांनी आणलेलं गिऱ्हाईक रजिस्टरात "आपणहून आला" असं लिहायचं. मी तेव्हा पॅकिंगच्या शेडमध्ये रोपांच्या मुळांना गवत गुंडाळायचो. नूकराजू माझं नाव, पण अक्का मला पहिल्या दिवसापासून राजूच म्हणाली. आता तिच्या टेबलावर मी बसतो आणि प्रश्नही मीच विचारतो, पण माझ्या विचारण्यात तो वचक नाही.

अक्काच्या गोष्टीत मास्टरगारू आल्याशिवाय गत्यंतर नाही. गंधम सुब्बारायुडु हे त्यांचं नाव. शाळेत ते कधी शिकवायला नव्हते. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कलम बांधायला शिकवलं म्हणून ते मास्टर, आणि मानानं गारू. आमची रोपं नेलेली माणसं लांबलांबून पोस्टकार्डं पाठवायची. लिंबाला फूल धरत नाही, गुलाबाची पानं पिवळी पडतात, नारळाचा कोंब सुकला. मास्टरगारू दर दुपारी जेवण झालं की उत्तरं लिहायला बसत. कार्ड वाया जाऊ नये म्हणून उत्तर आधी वहीत लिहायचं आणि मग कार्डावर उतरवायचं, अशी त्यांची पद्धत. अशा एक्केचाळीस वह्या झाल्या.

नर्सरीची वेबसाइट झाली तेव्हा त्या एक्केचाळीस वह्या अक्कानं एकटीनं टाइप केल्या. आधी तेलुगूत, मग आपल्या मुलीच्या मदतीनं इंग्रजीत. तीन वर्षं लागली. तिचा नवरा म्हणायचा, माझ्याशी लग्न केलंयस की वह्यांशी ते एकदा सांग. प्रत्येक प्रश्नाचं एक पान, सहाशेच्या वर पानं, आणि खाली चिमुकल्या चौकोनांत आकडा फिरायचा, आजवर किती जण आले त्याचा. ते चौकोन मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. आकडा हजारावर गेला त्या दिवशी अक्कानं राजमंड्रीहून सगळ्या शेडसाठी रोजमिल्क मागवलं होतं. आम्ही बावीस जण गुलाबी मिशा घेऊन त्या एका संगणकाभोवती उभे होतो. तसे दिवस पुन्हा आले नाहीत, हे मी कुणाला पटवायला जात नाही, पण नाही आले.

पुढे ते चौकोन गेले आणि वेब अॅनालिटिक्स आलं. राजमंड्रीहून एक शिकवणारा आला. त्यानं सांगितलं, यात नुसतं किती आले एवढंच कळत नाही, कुठून आले तेही कळतं. शोधून आले, की दुसऱ्या कुठल्या साइटवरून आले, की थेट आले. अक्का म्हणाली, म्हणजे कोणी पाठवलं ते. तो म्हणाला, हो, तसंच. मग त्यानं नको असलेल्यांच्या यादीचा विषय काढला. जुगाराच्या, भलत्याच औषधांच्या साइटी आपलं नाव उगाच पाठवणाऱ्यांत घुसवतात. ते या यादीत टाकलं की त्याच्या नावावरचं माणूस "थेट" या खात्यात जमा होतं. शिकवणारा हे अर्धा दिवस समजावणार होता. अक्कानं रजिस्टरचं शेवटचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "हेच ना?" त्यानं वाचलं आणि चहा मागितला.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी अक्का दोन कामं करायची. पहिलं, पाठवणाऱ्यांची नावं चाळून जो दलाल वाटेल त्याला यादीत टाकायचं. दुसरं, एका चिठ्ठीवर आठवड्याचे आकडे उतरवून कालव्याकाठी मास्टरगारूंच्या घरी जायचं. ते तोवर थकले होते, नर्सरीत येणं बंद झालं होतं. ओट्यावर खुर्ची टाकून ते वाट बघत बसलेले असायचे. अक्का वाचायची, लिंबाच्या पानावर दोनशे दहा, गुलाबाच्या पानावर एकशे नव्वद. ते विचारायचे, "कोणी पाठवलं?" मग तीही नावं वाचायची. कधीकधी रोपांची खोकी पोचवायला त्या बाजूला जायचो तेव्हा मीही पायरीवर टेकायचो. चिकूच्या पानाचा आकडा आला की मास्टरगारू खुर्चीत सरळ व्हायचे. आमच्याकडे चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. लोक घरी नेऊन पाणी घालतात, सांध्याच्या खालून कोंब फुटतात, आणि चिकू वाढला म्हणून माणसं खूश होतात. वाढलेली असते खिरणी. त्यावर त्यांनी वहीत लिहिलं होतं, "सांध्याच्या खालचं पान कितीही हिरवं असलं तरी ते तुमचं नाही. हात थरथरला तरी काढा." ते वाक्य त्यांचं फार लाडकं होतं.

मग आकडे उतरायला लागले. आधी थोडे, मग भराभर. शोधून येणारी माणसं दोन वर्षांत निम्म्याहून कमी झाली. थोरले मालक जाऊन काळ लोटला होता, त्यांचा नातू चिन्नय्या कारभार बघत होता. तो काही वाईट माणूस नव्हे, पण घाईचा. त्याचं म्हणणं होतं की लोक आता प्रश्न चॅटबॉटला विचारतात, आपली पानं कोण उघडतंय, ती काढून व्हिडिओ टाकू. अक्का म्हणाली, शोधून येणारे घटलेत, पण थेट येणारे वाढलेत. चिन्नय्या हसला. "अक्का, थेट म्हणजे आपणच गं. तू उघडतेस, मी उघडतो, आणि राजू स्वतःचा फोटो बघायला दिवसातून चारदा उघडतो." फोटोचं खरं होतं. आंब्याची रोपं गाडीत भरतानाचा माझा एक फोटो साइटवर होता, आणि तो चांगला आला होता. ठरलं असं की उगादीला, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, वह्यांची पानं बंद करायची.

अक्का मास्टरगारूंना खोटा आकडा सांगू शकली असती. आम्ही तिला तसं सुचवलंही, म्हातारा माणूस, त्याला काय कळणार. ती महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. दर सोमवारी ती खरे आकडे वाचायची आणि ते ऐकायचे. दिवाळीनंतर एकदा ते म्हणाले, "मग काढून टाका ती पानं. पत्रं येईनाशी झाली की टपालाची पेटीसुद्धा काढून नेतात." त्या दिवसापासून त्यांनी कोणी पाठवलं हे विचारणं सोडलं. अक्का तरी जायची. चिठ्ठी पिशवीतच राहायची आणि दोघं खोकल्याच्या काढ्यावर बोलत बसायची. परत येताना तिचा चेहरा बघवत नसे.

उगादीला महिना राहिला होता तेव्हा श्रीकाकुळमकडच्या पलासाहून काजूचा एक बागायतदार आला, तीस चिकूची कलमं न्यायला. अक्कानं विचारलं, कोणी पाठवलं. तो म्हणाला, कोणी नाही, फोनला विचारलं. अक्का म्हणाली, फोनवर कुणाला? त्यानं मोबाइल पुढे केला. चॅटबॉटला त्यानं विचारलं होतं की माझं चिकूचं झाड चिकूसारखं का दिसत नाही. उत्तरात खिरणीचा खुंट होता, सांधा होता, आणि खाली आमच्या पानाचा दुवा होता. तिथून तो आमच्या पानावर आला, तिथून फोन नंबर घेतला, आणि आज हजर.

अक्कानं तारीख विचारली. गेला मंगळवार. ती संगणकाकडे गेली आणि मंगळवारचं चिकूचं पान उघडून बसली. श्रीकाकुळमच्या बाजूनं त्या दिवशी एकच माणूस त्या पानावर आलेला दिसत होता. पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, थेट.

"राजू, इकडे ये," ती म्हणाली. "या पानाचा पत्ता वाच बघू."

पत्ता हातभर लांब होता. मी अर्ध्यात थांबलो.

"हा कुणी पाठ करून टाइप करेल का? थेट येणारा पहिल्या पानावर येतो. हे लोक सगळे आतल्या पानांवर उतरलेत, लिंबाच्या, चिकूच्या, नारळाच्या. यांना कोणीतरी पाठवलंय."

मग तिनं नको असलेल्यांची यादी उघडली. जुगारवाल्यांच्या आणि औषधवाल्यांच्या खाली, दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी टाकलेली नावं होती. चॅटबॉटांची. टाकणारी ती स्वतःच. तिला तो सोमवार आठवला. नवीन नावं दिसली होती, ना माणसाची ना गावाची, आणि कुणीतरी सांगितलं होतं की हा सगळ्यांना सगळं सांगत सुटतो. तिच्या मनात हायवेवरचा दलाल आला आणि तिनं नावं शेवटच्या पानावर ढकलली. तेव्हापासून त्यांनी पाठवलेला प्रत्येक माणूस आमच्याकडे "आपणहून आला" म्हणून जमा होत होता. तेवीस वर्षं कोणी पाठवलं हे विचारणाऱ्या बाईनंच पाठवणाऱ्याचं नाव खोडलं होतं. ती खुर्चीत बसून राहिली आणि मला पहिल्यांदा ती म्हातारी दिसली.

नावं यादीतून काढायला एक मिनिट लागलं. पण ते पुढच्यासाठी. मागचं त्यात दुरुस्त होत नाही. दोन वर्षांत किती जण त्या वाटेनं आले ते आता कुणालाच कळणार नव्हतं. तिनं चॅटबॉटांचा वेगळा गट केला आणि रोज सकाळी बघायला लागली. काही जण मोबाइलमधून येताना पाठवणाऱ्याचं नाव हरवून येतात, ते तरीही थेटमध्येच पडतात, हेही तिला कळलं. तरी तीन आठवड्यांत चारशे बारा माणसं नावानिशी मोजली गेली. शोधून येणारे पानावर डोकावून जायचे. हे शेवटपर्यंत वाचायचे, आणि साठेक जणांनी तर फोनही केला.

मी म्हटलं, अक्का, एवढा आकडा पुरे आहे. नवीन गट केला म्हणून सांग, चिन्नय्या खूश होईल. यादीचं कुणाला कळतंय. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गवत भिजवायला निघून गेलो.

सोमवारी शेडमध्ये सगळे पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, खात होते तेव्हा ती उभी राहिली आणि आकडे सांगण्याआधी चूक सांगितली. सगळ्यांसमोर, पहिल्यापासून. चिन्नय्याचा घास हातात राहिला.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं?" त्यानं विचारलं.

"नसतं कळलं."

"मग सांगितलंस कशाला?"

"मास्टरगारूंना दोन वर्षं मी चुकीचं वाचून दाखवलंय. आता त्यांच्यापुढे जायचंय. तुम्हाला लपवून त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

चिन्नय्यानं घास खाल्ला, हात धुतले, आणि म्हणाला की पानं राहू देत. जाता जाता त्यानं व्हिडिओ मात्र होणारच असं बजावलं. मालक आहे, एवढं त्याला बोलावंच लागतं.

त्याच सकाळी आम्ही दोघं कालव्याकाठी गेलो. अक्का ओट्यावर न बसता उभीच राहिली, आणि शाळेतल्या मुलीसारखं सगळं एका दमात सांगून टाकलं. बोलता बोलता ती रडायला लागली. मास्टरगारू शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "त्यानं कमिशन मागितलं का?"

"कुणी?"

"तो तुझा यंत्रवाला. माणसं पाठवली, मग दारात येऊन काही मागितलं का?"

"नाही."

"मग दलाल कसला तो? दालय्या कार्ड आणायचा, हा माणूस आणतोय." आणि लगेच विचारलं, "चिकूच्या पानावर किती?"

"तीन आठवड्यांत अठ्ठ्याण्णव."

ते खुर्चीत सरळ झाले. दिवाळीनंतर मी त्यांना तसं बसलेलं बघितलं नव्हतं. म्हणाले, मग नियमाप्रमाणे त्याला रोप द्यायला हवं. मी म्हटलं, देऊ हो, पण पोचवायचं कुठे, त्याला ना घर ना अंगण. ते म्हणाले, पत्ता सापडेपर्यंत सांभाळा. आणि मला दुसऱ्या दिवशी खिरणीचा खुंट नि चिकूची काडी घेऊन बोलावलं. कलम त्यांनी स्वतः बांधलं. हात थरथरत होता, पट्टी अक्कानं गुंडाळली. ते त्यांचं शेवटचं कलम. शेडच्या कोपऱ्यात ती कुंडी ठेवली आणि पत्र्याच्या पट्टीवर मी खिळ्यानं लिहिलं, पाठवणारा. येणारा जाणारा विचारायचा की ही कुणाची, आणि आम्ही सांगायचो की मालकाचा पत्ता सापडला नाही. अक्का रोज तिला पाणी घालायची आणि सांध्याखालचे कोंब नखानं खुडायची.

उगादी झाली, पानं राहिली. सोमवारच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या गेल्या, सतरा सोमवार. श्रावणात मास्टरगारू गेले. अठराव्या सोमवारीही अक्कानं चिठ्ठी लिहिली होती. ती मला तिच्या टेबलाच्या खणात नंतर सापडली. मी ती फेकलेली नाही.

संक्रांतीआधी ती निवृत्त होणार होती. तिच्या शेवटच्या आठवड्यात ओडिशातल्या रायगड्याहून एक तरुण मुलगी आली, खांद्याला पिशवी, चपलांना चिखल. अक्कानं तिचा प्रश्न विचारला. मुलीनं चॅटबॉटचं नाव घेतलं. आता आम्हाला त्यात नवल उरलं नव्हतं, त्या नावाचा रजिस्टरात रकानाच होता. पण अक्कानं त्या दिवशी पुढचं विचारलं, काय म्हणाला तो? मुलीनं मोबाइल काढला आणि तिच्या ओडियातून मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगायला लागली. "सांध्याच्या खालचं पान कितीही हिरवं असलं तरी ते तुमचं नाही, असं म्हणतो. हात थरथरला तरी काढा, म्हणतो."

अक्कानं रजिस्टर पुढे ओढलं. मग तिनं मान खाली घालून पाठवणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं. मी वाकून बघितलं. गंधम सुब्बारायुडु.

मी म्हटलं, "अक्का, रजिस्टर आहे हे. नियम आहे."

"नियमानंच लिहिलंय," ती म्हणाली. "दालय्यानं कार्ड आणलं म्हणून कार्ड दालय्याचं होत नाही."

भोगीच्या आदल्या दिवशी रोपं पोचवायला मी निघालो. यादीत कालव्याकाठचा पत्ता होता, अक्काच्या अक्षरात. शेडच्या कोपऱ्यातली कुंडी मी गाडीत ठेवली. मास्टरगारूंची सून दारात रांगोळी काढत होती. तिनं कुंडी हातात घेतली, पत्र्याची पट्टी वाचली, आणि विचारलं, हे कुणाकडून? मी सांगितलं, नर्सरीकडून, यंदा तुमच्या मामंजींनी बरीच माणसं पाठवली.